प्रगतीच्या फाइलीतला सातवा कागद

१

मंगळवारी दिवेलागणीला माझी धाकटी जाऊ सरुबाई माझ्या दारात आली आणि चार बायांच्या देखत म्हणाली, "आक्का, माझ्या नातीचा कागद काढा."

मी मेथी निवडत होते. जुडी हातातच राहिली.

"कसला कागद?"

"दुपारी देवापुढं फाइल ठेवली व्हती, त्यातला वरचा, नोटरीचा. सात व्हते, आता सहाच हायत. आन् देवघरात एकल्या तुमीच गेला व्हता."

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी उकरत बसायला नको. मी सरुबाईवर जळत होते. तिची नात प्रगती जर्मनीला निघाली होती, तिथल्या दवाखान्यात शिकायला आणि कामाला. आईबाप नसलेली पोर, सरुनं एकटीनं वाढवली. आमच्या भावकीतून विमानात बसणारी पहिली पोरगी ती, आणि ती माझ्या घरातली नाही. महिनाभर मला धड झोप नव्हती. पण जळणारी बाई समोर बसून जळते. मागच्या दारानं येते ती चोरटी. मी मागच्या दारानं माझ्या बापाच्या घरी पण गेले नाही.

"सरे, चाळीस वर्षांत तुझ्याकडनं चिमूटभर मीठ आणलं न्हाय म्या. तुझा कागद आणून काय करू?"

"जाळायचा. दुसरं काय!" ती म्हणाली आणि पदर खोचून निघून गेली.

बाया लगबगीनं उठल्या. म्हणजे सकाळपर्यंत सगळ्या शेळगावला कळणार.

शुक्रवारी पहाटे बारामतीचा एजंट सगळ्या पोरींच्या फायली घेऊन मुंबईला जाणार होता. आधी मंत्रालयातला शिक्का, मग दिल्लीचा शिक्का, तेव्हा तो कागद परदेशात चालतो. एक कागद कमी पडला तर प्रगती ह्या खेपेला राहणार. आणि ती राहिली, तर 'सारजाबाईनं अडवली' असं म्हणत लोक मला स्मशानापर्यंत पोचवणार. हातात दोन दिवस होते. म्हटलं, चोर मीच धरायचा.

२

दुपारचं सगळं पहिल्यापासून आठवलं.

फाइल इंदापूरच्या नोटरी वकिलाकडून त्याच दिवशी आली होती. आणली विशालनं, देऊन लगेच गेला. हा प्रगतीच्या मामाचा मुलगा, लोणी भापकरचा. सरुनं बाया चहाला बोलावल्या. फाइल देवापुढं ठेवली आणि वरच्या प्लास्टिकला कुंकवाचं बोट लावलं. कागदाला लावायचं होतं तिला, पण वकिलानं बजावून ठेवलेलं, कागदावर कुंकवाचा ठिपका दिसला तरी मुंबईवाले परत पाठवतात.

मी देवाला हात जोडायला आत गेले. खोटं कशाला बोलू, फाइल बघायलाच गेले. प्लास्टिकमधून वरच्या कागदाचा तांबडा गोल शिक्का दिसला. अक्षरं बारीक. मी एकेक अक्षर लावून वाचते, पण त्याला चष्मा लागतो. बाहेर बाजेवर आमचे मालक बसले होते. गाव त्यांना आबासाहेब म्हणतं. लिहायला हरकत नाही, तोंडानं मी नाव घेत नाही.

"माझा चष्मा बघितला का?" मी विचारलं.

"घरी असंल. जा, बघून ये," ते म्हणाले.

घरी गेले. खिडकी बघितली, पेटी बघितली, कोनाडा तीनदा बघितला. चष्मा नाही. परत आले तर बाया उठल्या होत्या. रात्री चष्मा सापडला तो त्याच कोनाड्यात.

पहिला संशय मी माझ्याच घरात घेतला. मोना, माझी नात. तिनं आणि प्रगतीनं बारामतीला नर्सिंग एकत्रच केलं. सहा महिन्यांपूर्वी जर्मनीला जाते असं आधी तीच म्हणाली होती. तेव्हा मीच म्हणाले, परक्या म्हाताऱ्यांचं हागणंमुतणं काढायला सारजाची नात सातासमुद्रापार जायची न्हाय. आमच्या घरात माझ्या शब्दापुढं कुणी जात नाही. मालकांनी मान खाली घातली, पोरीनं तोंड मिटलं. विषय तिथंच संपला.

बुधवारी सकाळी ती दारात वेणी घालत बसली होती. "मोने, तू काढलास कागद?"

"काढला असता तर अख्खी फाइल नेली असती," ती आरशातूनच बोलली. "तिचं मूळ सर्टिफिकेट नेलं असतं. त्ये हरवलं की सहा महिनं घालवतंय. नोटरीचा एक कागद नेऊन काय व्हतंय? अर्ध्या तासात दुसरा करता येतो. ज्यानं सही केली त्यानं परत वकिलाम्होरं जाऊन उभं राह्यचं, झालं."

"तुला बरं सगळं म्हाईत."

"मी पण सगळी चौकशी केली व्हती, आज्जी. तू तोंड उघडू दिलं न्हाईस."

हे लागलं मला. पण चोर शोधताना आपल्या जखमा बघत बसता येत नाही.

मोनाचं एक मात्र खरं होतं. पोरीला अडवायचं असतं तर चोरानं मूळ कागद नेले असते. त्यानं एकच नेला, तोही सहज परत करता येणारा. आणि मोना रात्री बघून आली होती, फाइलीवरचं कुंकवाचं बोट पुसटसुद्धा झालं नव्हतं. कुणी उलथापालथ केली नव्हती. कडेनं हळूच हात घालून वरचा कागद तेवढा ओढलेला. म्हणजे प्रगती जाते की राहते याच्याशी चोराला काही घेणंच नव्हतं. त्या कागदावर काय लिहिलंय, ते त्याला कुणापासून तरी लपवायचं होतं.

तेवढ्यात विशाल आला, गाडी फुरफुरवत. त्याच्या आणि प्रगतीच्या लग्नाचं बोलणं चाललंय.

"या जावईबापू. बायकू जर्मनीला गेली तर भाकरी कोण थापणार, म्हणून कागद काढलासा व्हय?"

"आज्जी, तसं असतं तर फाइल वाटंतच कालव्यात टाकली असती की. मीच आणून दिली. आन् मी बी मागनं जाणार हाय. जर्मन शिकतोय."

"बोल बघू."

"गुटन टाग."

"म्हंजी?"

"रामराम."

"मग रामरामच म्हण की, जीभ कशाला वाकडी करतोस! फाइल उघडून बघितली व्हतीस?"

"न्हाय बा. प्रगतीनं बजावलं व्हतं, वरचा कागद कुणाला दावू नको. आन् आज्जीला तर मुळीच…" त्यानं जीभ चावली.

"कुठल्या आज्जीला?"

त्यानं गाडीला किक मारली आणि माझ्याकडं न बघता निघून गेला.

शेळगावात त्या पोरीच्या दोनच आज्या. एक तिची स्वतःची, जिनं फाइल देवापुढं ठेवली. दुसरी मी.

३

मोनाला घेऊन मी इंदापूरची एसटी धरली.

इमाम वकिलांचं टेबल कोर्टासमोर पत्र्याच्या शेडखाली. शेजारी टायपिंगवाला, मागं लोखंडी खांब. माणूस गोड बोलणारा, पण आतून पक्का.

"मावशी, कागद कुणी केला, त्यात काय आहे, हे मी सांगू शकत नाही. रजिस्टर असं कुणालाही दाखवायचं नसतं."

"माझ्यावर आळ हाय, वकीलसाहेब."

"म्हणून तर अजिबातच दाखवणार नाही."

मला माणूस आवडला. म्हटलं, "मग सांगता येतं तेवढं सांगा. कागद करतात कसा?"

"सही करणारानं स्वतः यायचं. आधार दाखवायचं. मी कागद मोठ्यानं वाचून दाखवतो, पटलं का विचारतो, मग माझ्या डोळ्यांदेखत सही. रजिस्टरातही सही. आणि सही येत असली तरी मी अंगठा घेतो. उद्या कुणी म्हणालं, ही सही माझी नाही, तर अंगठा कुठं पळवणार?"

तेवढ्यात एक शेतकरी आला. वकिलांनी त्याचा अंगठा शाईच्या डबीवर दाबला, रजिस्टरात टेकवला. तो माणूस उठला आणि जाता जाता त्यानं अंगठा मागच्या खांबाला पुसला. तेव्हा मी खांब बघितला. खालपासून वरपर्यंत जांभळा. तालुक्याचे सगळे अंगठे तिथं पुसलेले. नखातली शाई मात्र कुणाची जात नव्हती. तो शेतकरी नख चोळत चोळतच गेला.

आणि मला सोमवार आठवला.

सोमवारी संध्याकाळी मालक बारामतीहून आले. डाळिंबाला फवारायचं औषध आणायला गेले होते, असं म्हणाले. मी चहाची बशी पुढं केली, तर अंगठ्याच्या नखात जांभळी शाई. "बशीला डाग पाडू नका," मी म्हणाले. ते म्हणाले, "येताना रेशनच्या दुकानात अंगठा दिला, त्याचा हाय." मी फडक्यानं बशी पुसली आणि विसरून गेले.

"मोने," मी म्हणाले, "रेशनला शाईचा अंगठा कवा बंद झाला गं?"

"मशीन आलं तवाच. आता काचेवर बोट ठेवायचं. झाली की कैक वर्षं. का?"

मी मोनाचा हात धरला आणि एसटी स्टँडकडं चालायला लागले.

४

एसटीत मोना काय काय विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं. एकच डोक्यात. माझा नवरा माझ्याशी खोटं बोलून इंदापूरला आला, वकिलापुढं उभा राहिला, आणि सरुच्या घरच्या फाइलीत स्वतःचा अंगठा ठेवून गेला. काय लिहून दिलं? जमीन? विहिरीवरचा वाटा? विधवा भावजयीसाठी नवऱ्यानं चोरून सही करायची आणि बायकोला फवारणीचं औषध सांगायचं! त्या चार फाट्यांच्या वाटेत मी जेवढी जळले, तेवढी आयुष्यात जळले नव्हते.

पण शाई म्हणजे पुरावा नव्हे. तालुक्यात शंभर ठिकाणी अंगठे देतात. मी सरळ सरुच्या घरात शिरले.

"सरे, त्या कागदावर सही कुणाची?"

ती तांदूळ निवडत होती. खाली मान घालून निवडतच राहिली.

"तोंडात काय धरलंयस? सांग की."

"मला नाव घेता येत न्हाय, आक्का."

एवढंच बोलली. तिला वाटलं, काही सांगितलं नाही. पण तिनं सगळं सांगितलं होतं.

आमच्यात बाई नाव घेत नाही कुणाचं? नवऱ्याचं. सरुचा नवरा, माझा धाकटा दीर, बारा वर्षांमागं वारला, तो वकिलापुढं कसा उभा राहील? सासऱ्याचं घेत नाही. सासरे तर त्याच्याही आधी गेले. मग जितंजागतं एकच माणूस उरतं, ज्याचं नाव सरुच्या तोंडून निघत नाही, ज्याच्यापुढं तिनं चाळीस वर्षांत डोईवरचा पदर खाली पडू दिला नाही. तिचा थोरला दीर.

"काय लिहून दिलंय माझ्या नवऱ्यानं?"

सरुनं वर बघितलं. "तुमी वाचलंच असंल की. म्हणून तर फाडलात."

"माझ्या डोळ्याला चष्मा न्हवता, बाई. म्या तांबडा शिक्का तेवढा बघितला."

ती माझ्याकडं बघत राहिली. आमच्या दोघींत विश्वास कधी नव्हताच, पण मला खोटं बोलताना चेहरा असा ठेवता येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"हमी हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "तिकडं पोरीचा पयल्या वर्साचा भार उचलणारं कुणीतरी दावायला लागतंय. माझ्या नावावर काय हाय? प्रगतीनं जाऊन त्यांना इचारलं, त्ये व्हय म्हणालं. कागदात लिवलंय, प्रगती ही माझी नात हाय, तिचा भार माझ्यावर. तुमास्नी कळू द्यायचं न्हाय, एवढंच बोललं व्हतं."

भार राहू दे. 'माझी नात.' ते दोन शब्द माझ्या काळजात जाऊन बसले. आमच्या घरात एक नात असताना!

"मग परत सही का मागत न्हाईस?"

"प्रगती काल रानात गेली व्हती. त्ये म्हणालं, दोन दिस थांब. दोन दिसांनी एजंट निघून जातोय. मी कसं बोलू त्यांच्याशी, आक्का?"

"तू बोलू नको," मी म्हणाले. "मी हाय की."

५

मालक डाळिंबात होते, ठिबकची नळी साफ करत. मी बांधावर उभी राहिले.

"सोमवारी रेशनला शाई लावली काय वो?"

त्यांचा हात थांबला.

"चष्मा कोनाड्यात न्हवता. तीनदा बघितला म्या. रात्री आपल्या पायानं चालत आला व्हय तितं? फाइल बघायला मी आत गेले, बाहेर येऊन तुमाला चष्मा इचारला, तुमी मला घरी धाडलंत. चष्मा तवा तुमच्याच खिशात व्हता. बायांच्यात तुमी एकलाच बाप्या, पाणी प्यायला आत गेलात तरी कोण बघतंय! आन् सरु नाव घेत न्हाय. आता बोला."

त्यांनी नळी खाली ठेवली. विहिरीवर गेले, मोटारीच्या स्टार्टरची लोखंडी पेटी उघडली. आतून आठ घड्या घातलेला कागद काढला. तांबड्या शिक्क्यावर काळं वंगण फासलेलं. सरळ करताना घडीवर फाटला.

"तू वाचू नये म्हणून काढला," ते म्हणाले. "रातच्याला गुपचूप परत ठेवणार व्हतो. तवर ह्यो असा झाला. परत इंदापूरला जायला तुला काय सांगू, त्येच ठरंना."

"सगळं गाव माझ्यावर थुकलं, आन् तुमी माझ्या हातची भाकरी खात गप बसलात?"

"व्हय. चुकलं."

"आन् मी वाचलं असतं तर काय केलं असतं?"

मालकांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "मोनाचं केलंस, त्येच."



"त्या वक्ताला म्या मान खाली घातली," ते म्हणाले. "पोरगी रोज ताट वाढती, पण माझ्याकडं बघत न्हाय. मग प्रगती आली इचारायला. दुसऱ्यांदा मान खाली घालायची लाज वाटली."

"मग मोनाचं करायचं व्हतं!"

"तुझ्याम्होरं?"

मी तो फाटका कागद त्यांच्या हातातून घेतला. चष्मा चढवून उभ्या उभ्या वाचला, एकेक अक्षर लावून. 'माझी नात' लिहिलेलं खरंच होतं. खाली त्यांची सही, वाकडी, पण पूर्ण नावानिशी.

"उद्या सकाळच्या एसटीनं इंदापूर," मी म्हणाले. "मी बी येणार."

"कशाला?"

"तुमी परत वाटंत औषध आणायला जाल म्हणून."

६

गुरुवारी आम्ही चौघं गेलो. मालक, मी, प्रगती आणि सरु. सरु बाकड्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसली, पदर कपाळापर्यंत. पोरगी रडून सुजलेली. मी तिला म्हणाले, "डोळं पूस. जर्मनीची माणसं म्हणतील, आजारी पोरगीच धाडलीय."

वकिलांनी नवा कागद टाइप करून मोठ्यानं वाचला. 'माझी नात' आलं तेव्हा मी खांबाकडं बघत राहिले. मग ते म्हणाले, "ओळख कोण पटवतंय?"

"मी," मी म्हणाले.

"नातं?"

"बायकू."

"यांचं नाव सांगा."

सगळी शेड माझ्याकडं बघायला लागली. टायपिंगवाल्यानं हात थांबवले. मालक घाम पुसायला लागले. वकील म्हणाले, "मावशी, नियम आहे. ओळख पटवायची तर नाव घ्यायला लागतं."

मी पदर सावरला.

"इंदापूरच्या कोर्टाम्होरं जांभळा खांब, आबासाहेबांचं नाव घेते, सरे, तू लांब थांब!"

वकील हसले, टायपिंगवाला हसला, आणि पदराआड सरुचे खांदे हलताना मी बघितले. मग मी सही केली. सारजाबाई, पूर्ण, जोडाक्षर न चुकता. अंगठा द्यायची माझी तयारी नव्हती, पण वकिलांनी माझाही घेतला.

विशाल गाडीवरनं आला आणि तिथूनच फाइल घेऊन बारामतीला गेला. एजंटाचा फोन आला, सात कागद पोचले.

बाहेर आल्यावर सरु म्हणाली, "आक्का, चार बायांम्होरं बोलले, चार बायांम्होरं नाक घासते. खरं काय त्ये सांगते."

"खरं सांगायचं न्हाय. कागद देव्हाऱ्यामागं पडला व्हता म्हण, आन् माझी चूक झाली म्हण. दोन्ही मोठ्यानं म्हण."

"आन् भावजींचं?"

"माझ्या नवऱ्याला चोर म्हणायचा हक्क एकट्या माझा हाय. त्यो मी रोज वापरीन."

एसटी यायला वेळ होता. मी परत शेडमध्ये गेले. "वकीलसाहेब, असलाच आणखी एक करा. नातीचं नाव तेवढं बदला. मोना लिवा."

"मोना कुठं आहे?"

"घरी."

"तिला जायचंय का?"

मी रस्त्यावर एसटी दिसते का बघायला लागले.

"मावशी, हमी नंतरची गोष्ट. आधी तिला विचारून या."

घरी आले तेव्हा मोना पत्र्यावर मिरच्या वाळत घालत होती. सत्तरीला आलेली मी, अजून कुणाला काही विचारलेलं नाही. सांगत आले. शिडीखाली उभी राहून मान वर केली.

"मोने, जातीस का जर्मनीला?"

तिनं मिरच्या ठेवल्या. "सहा म्हैन्यांमागं इचारायला काय झालं व्हतं?"

"तवा सरुची नात चालली न्हवती."

ती वरून बघत राहिली. मला वाटलं, आता रडते. ती हसली. पोटाला हात धरून, पत्रा वाजेपर्यंत हसली.

"जाईन," ती म्हणाली. "पण माझ्या मनानं, आन् माझ्या टायमाला. दुसरं म्हंजी, तू पेढं वाटायचं न्हाईत. पेढं आबा वाटतील."

"का? माझे हात काय झडलेत?"

"तू सरुआज्जीच्या दारात दोनदा जाशील म्हणून."

मला तीनदा जायचं होतं.